गोधडीची मशीनवरील शिलाई : शिवणीतली टीप

आपल्या अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात गोधडी नाही असे घर क्वचितच सापडेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोडणी कामगार हंगामाला निघतात, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर गोधड्याही निघतात. आपल्या आया-आज्यांनी त्या जुन्या लुगड्या-धोतरांचे थर करून धावदोऱ्याने शिवल्या. एका गोधडीला कित्येक दुपारी लागत, आणि डोळ्यांना व मानेला त्याचा त्रास होई. आज अनेक घरांत शिलाई मशीन आहे. त्यावर हे काम लवकर होते, पण घाईने केले तर गोधडीला चुण्या पडतात.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. आमच्या शिवणवर्गात एका भगिनीने दिवंगत आईची दोन लुगडी आणली होती. आम्ही ती न टाचता सरळ मशीनवर घेतली. शेवटच्या टिपेपर्यंत वरचे कापड सरकत गेले आणि कडेला चार बोटे फुगवटा आला. सर्व उसवावे लागले. जीर्ण कापड सुईच्या भोकांवर दोन ठिकाणी विरले. नवे कापड विकत आणता येते, ते लुगडे आणता येणार नव्हते. त्या दिवसापासून आम्ही पुढील पद्धत पाळतो.

(१) पूर्वतयारी : जुने-नवे सर्व कापड आधी धुऊन घ्यावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही. चुण्यांचे एक कारण हेच. तुकडे पाव इंच माया ठेवून जोडावेत व प्रत्येक शिवणीची माया एकाच बाजूला इस्त्रीने बसवावी.

(२) टाचणे : खाली अस्तर उलटे पसरून ताणावे, त्यावर मधले थर व सर्वांत वर जोडलेले कापड ठेवावे. मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि मध्यापासूनच चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घालावेत.

या कामाचा कंटाळा करू नये. विनयपिटकातील चुल्लवग्गात चीवर शिवण्याविषयी असेच सांगितले आहे. चीवराचे कोपरे वाकडे होऊ लागले, तेव्हा भगवान बुद्धांनी कापड ताणून बांधण्याच्या चौकटीस, म्हणजे ‘कठिन’ास, अनुमती दिली. टाके वाकडे जाऊ लागले, तेव्हा ‘मोघसुत्तक’ म्हणजे खुणेचा दोरा घालण्याची अनुमती दिली. आधी ताणावे, खूण करावी आणि मग शिवावे, हा क्रम इतका जुना आहे.

(३) शिवणीतली टीप : जोडशिवणीच्या ज्या बाजूला माया दुमडलेली असते ती बाजू किंचित उंच राहते, दुसरी सखल. टीप सखल बाजूने, शिवणीला अगदी खेटून मारावी. उंच बाजूचे कापड तिच्यावर येते आणि टीप दिसेनाशी होते. दोन शिवणी जिथे मिळतात तिथे माया कधी बाजू बदलते. तिथे सुई कापडात रोवून थांबावे, मग पलीकडच्या सखल बाजूला जावे.

(४) मशीन : सुई सोळा नंबरची घ्यावी, थर जाड असल्यास अठरा. सुती कापडाला सुती दोरा वापरावा. टाका थोडा लांब, इंचाला आठ-नऊ असा ठेवावा. मशीनचे दात खालचे कापड ओढतात, वरचे मात्र पायाखाली मागे राहते. फुगवटा येतो तो यामुळे. म्हणून पायाच्या दांड्यावरील स्क्रू सैल करून दाब कमी करावा. सर्व थर सारखे पुढे नेणारा खास पाय मिळाल्यास उत्तमच. दोन्ही हात सुईच्या दोन बाजूंना सपाट ठेवावेत. कापड ओढू नये.

(५) क्रम : पहिली टीप मधल्या उभ्या शिवणीवर मारावी. नंतर तिच्या एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या शिवणी घ्याव्यात आणि आडव्या शेवटी. कडेपासून आरंभ केल्यास सगळा फुगवटा मध्ये जमतो व तो काढता येत नाही. मशीनच्या हाताखाली जाणारा भाग घट्ट गुंडाळावा. उरलेली गोधडी खाली लोंबू देऊ नये, डावीकडे व मागे टेबल किंवा खाट लावावी. नाही तर तिच्या वजनाने सुई वाकते. आरंभी व शेवटी पाव इंच बारीक टाके घ्यावेत म्हणजे टीप सुटत नाही. तुकडे वितीपेक्षा मोठे असल्यास त्यांच्या मधूनही एक टीप मारावी. शेवटी कच्चे टाके काढून चारही कडांना पट्टी लावावी.

विद्यार्थिनींना आमची सूचना अशी की, पहिल्याच दिवशी घरातले जपलेले कापड घेऊ नये. आधी साध्या कापडाचे एखादे बाळाचे दुपटे करावे, ते दोनदा धुऊन पाहावे आणि चुण्या आल्या असतील तर कारण शोधावे. जी भगिनी दुसऱ्यांसाठी गोधडी शिवते, तिने मजुरी ठरवताना टाचण्याचे तासही मोजावेत. ते काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण गोधडी टिकते ती त्याच्यामुळेच.

त्या भगिनीची गोधडी आम्ही पुन्हा टाचून पुरी केली. विरलेल्या दोन जागी त्याच लुगड्याच्या पदराची ठिगळे लावली. ती आजही त्यांच्या घरी वापरात आहे.