मूळपेशी रक्तात कशा उतरवतात



रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याला मूळपेशी द्यायच्या म्हटले की पुष्कळांना अजून पाठीच्या कण्यातली सुई आठवते. कण्याचा यात संबंध नाही. पूर्वी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढीत. क्वचित आजही काढतात. आता बहुधा रक्तातूनच पेशी घेतात.

एरवी मज्जा या पेशींना घट्ट धरून असते. जी-सी-एस-एफ या औषधाची इंजेक्शने चार-पाच दिवस घेतली की ती पकड सैल होते आणि पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातले रक्त यंत्रात जाते, यंत्र मूळपेशी वेचून घेते, बाकीचे दुसऱ्या हातात परत येते. बैठक चार-पाच तासांची. हाडे ठणकतात, पण थोडेच दिवस. मायलोमात रोग्याच्या स्वतःच्याच पेशी अशा काढून गोठवतात. कमी उतरल्या तर प्लेरिक्साफॉर देतात.

सख्ख्या भावंडाशी जुळण्याचा संभव चारांत एक. नाही जुळले तर शर्ली नोलन यांनी आपल्या मुलासाठी १९७४ साली सुरू केलेली अँथनी नोलन नोंदवही आहे. आपल्या ईलिंगशेजारच्या हॅमरस्मिथ इस्पितळातले डॉ. जॉन गोल्डमन तिचे वैद्यकीय संचालक होते. तिच्यात हिंदी वंशाची नावे थोडी. आपण बेने इस्राएल पिढ्यान्पिढ्या आपसांत सोयरीक करीत आलो. जुळणारा दाता आपल्यातच मिळण्याचा संभव अधिक.

नाव १६ ते ३० वयातच घेतात, तेव्हा नातवंडांना सांगा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झाले. मात्र होकार विचार करून द्यावा. दात्याच्या भरवशावर रोग्याची मज्जा औषधाने आधीच मारलेली असते; त्यानंतर दाता मागे फिरला तर रोग्याच्या जिवावर बेतते.