रॉड हाड धरतो, जोडत नाही

चि. निखिल यास,


दादाने पाठवलेला तुझा एक्स-रे पाहिला. सोबत वहिनीचा निरोप होता : सहा आठवडे झाले तरी फट दिसतेय, ऑपरेशन फसलं का? आणि डॉक्टरांनी अर्धा भार द्यायला सांगूनही तू त्या धास्तीने पाय टेकवायचाच सोडलास, असं कळलं. हे दुसरं वाचून मला जास्त काळजी वाटली, म्हणून हे पत्र.

फट दिसणारच. नडगीच्या हाडाला भरून यायला वेळ लागतो. पुढच्या बाजूला त्यावर मांस नाही, नुसती कातडी. आणि खालच्या तिसऱ्या भागात, जिथे तुझं हाड मोडलंय, तिथे रक्तपुरवठाही कमी. चार ते सहा महिने हा तिथला नेहमीचा हिशेब आहे, कधी त्याहून जास्त. आधी मोडलेल्या जागी रक्त साकळतं, त्यात मऊ कूर्चेसारखा जोड तयार होतो, मग हळूहळू त्यात चुना भरतो. चुना भरेपर्यंत एक्स-रेत ते फारसं दिसत नाही. तुझ्या फिल्ममध्ये हाडाच्या मागच्या कडेला जो धुरकट फुगवटा आहे तो बघ. तोच कॅलस. तो आहे, याचा अर्थ हाडाने काम सुरू केलंय.

आता रॉडबद्दल. तुम्ही सगळे असं धरून चाललाय की रॉड टाकला म्हणजे हाड जोडलं गेलं. रॉड फक्त दोन तुकडे सरळ रेषेत धरून ठेवतो. वरचे-खालचे स्क्रू पाय पिळू देत नाहीत आणि आखूड होऊ देत नाहीत. जोडायचं काम तुझ्या हाडाचं. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी जशी तुटते, तसा धातूही थकतो. हाड वेळेत धरलं तर भार हाडावर जातो आणि धातू वाचतो. नाही धरलं तर कितीही चांगला रॉड किंवा त्याचे स्क्रू कधीतरी तुटतात. म्हणून हाड धरायला जे जे मदत करतं ते आत्ता करायचं, आणि त्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोजून दिलेला भार. पोकळीत बसलेल्या रॉडभोवती, तू पाय टेकवलास की, मोडलेल्या जागी अगदी किंचित दाब आणि हालचाल होते, आणि त्यावरच कॅलस वाढतो. पाय अधांतरी ठेवलास तर हाडाला घट्ट व्हायचं कारणच उरत नाही.

हे ऑपरेशन मुळात कशासाठी निघालं ते तुला माहीत असावं असं मला वाटतं. पूर्वी मांडीचं हाड मोडलं की माणूस वजन लटकवून महिनोन्‌महिने खाटेवर. हाड जुळायचं, पण गुडघा ताठ, मांडी सुकलेली, पाठीला जखमा, कुणाच्या फुप्फुसात गाठ जाऊन जीवही जायचा. जर्मनीत कील इथे गेऱ्हार्ड क्युन्चरने 1939 साली हाडाच्या पोकळीत लांब खिळा ठोकून माणसाला लवकर उभं करायला सुरुवात केली. महायुद्धानंतर कैदेतून सुटून घरी परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या मांडीत एक्स-रेमध्ये हे खिळे दिसले, तेव्हा तिकडचे डॉक्टर थक्क झाले होते. पुढे 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील गावी 13 सर्जन एकत्र आले, त्यांनी प्लेट, स्क्रू, अवजारं यांची शिस्त बसवली. त्यांचा एक मोठा आग्रह होता : हाड इतकं भक्कम धरा की सांधे लगेच हलवता येतील. म्हणजे ही सगळी धडपड तू हलावंस यासाठी होती. रॉड घेऊन पलंगावर पडून राहणं म्हणजे ऑपरेशनचा त्रास सोसून त्याचा फायदा नाकारणं.

तेव्हा उद्यापासून असं कर. घरातला वजनकाटा भिंतीजवळ ठेव. वॉकर धरून उभा राहा, दुखरा पाय काट्यावर ठेव आणि हळूहळू दाब. तुझं वजन 70 किलो. डॉक्टरांनी अर्धं सांगितलंय म्हणजे काटा 35 ला यायला हवा. आधी 15, मग 20, असं चढव. पायाला तो दाब ओळखीचा झाला की चालताना तोच आठवायचा. नुसत्या अंदाजाने चालणारे एक तर काहीच भार देत नाहीत, नाहीतर एकदम सगळा देतात. आमच्या फिजिओथेरपी खात्यात मी दोन्ही पाहिलेत. एक ऊसतोड कामगार भीतीने पाय टेकवेचना. तीन महिन्यांनी पोटरी मनगटाएवढी उरली होती. दुसऱ्याने परवानगीच्या आधीच ट्रॅक्टरवर पाय मारला आणि स्क्रू मोडून आला.

कुबड्यांचा भार तळहातांवर घे, काखेत रेटू नकोस. तिथली नस दबून हात बधिर पडतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

वहिनी मायेने गुडघ्याखाली उशी देते, ती आजच काढायला सांग. तिला वाईट वाटेल, तरी सांग. गुडघा सतत वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. मग तो सरळ करायला जे सोसावं लागतं ते मी वर्षानुवर्षं लोकांना सोसताना पाहिलंय. उशी टाचेखाली दे, गुडघा अधांतरी राहू दे, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, दहा मोजेपर्यंत. दिवसातून पाच-सहा वेळा. पंजाला टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढ, नाहीतर घोटा खाली झुकलेलाच राहील आणि टाच टेकणार नाही.

संध्याकाळी पाय सुजेल, खाली सोडला की जांभळट दिसेल. हे काही महिने चालतं. गुडघ्याच्या टाक्यांजवळ बधिरपणा राहील. मांडी घालून किंवा उकिडवं बसताना, गुडघे टेकताना समोर दुखेल, कारण रॉड तिथूनच आत घातलाय. गावी तुळशीच्या लग्नाला पाटावर बसायचा हट्ट यंदा नको. पण पोटरी एकाच जागी कडक होऊन दुखली, टाक्यातून पाणी आलं, किंवा ताप भरला तर डॉक्टरांना लगेच दाखव. आणि छातीत दुखून दम लागला तर रात्र-अपरात्र न बघता तडक दवाखाना गाठ.

सिगारेट पूर्ण बंद. हे मी आत्या म्हणून विनवून सांगतेय. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुझ्या हाडाला मुळात रक्त कमी. डिंकाचे लाडू, पायाचं सूप खुशाल खा, पण अंडी, डाळी, उसळी, दही रोज हवंच. तेल लावून पाय चोळून देणारा कुणी दादाने शोधलाय म्हणे. त्याला मोडलेल्या जागी हात लावू देऊ नकोस.

आणि रॉड काढायची घाई आत्तापासून करू नकोस. त्रास नसेल तर तो आयुष्यभर राहिला तरी चालतो.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल कर, काटा समोर ठेवून. 20 पर्यंत पोचलास का आणि गुडघा किती सरळ होतो, दोन्ही मला बघायचंय.

तुझी,
आत्या