स्प्लिटरचा कोन किती ठेवावा?

प्रश्न : चिंचवडहून रोज चाकणला जातो. माझ्या जुन्या पोलोला पुढे स्प्लिटर लावतोय. कोन किती ठेवू?

उत्तर : गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये नेहमीची हवा भरा, चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवा आणि मगच मोजा. स्प्लिटरची पट्टी जमिनीला समांतर किंवा पुढून जेमतेम एक अंश खाली असावी. पुढून वर उचलली तर हवा खाली शिरून गाडीचं नाक हलकं होतं. फार झुकवली तर ब्रेक दाबताच ती रस्त्याला घासते.

मात्र स्प्लिटरमुळे गाडीच्या नाकावर येणारा खालच्या दिशेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 100 किमीला जेवढा मिळतो, त्याच्या पावपट 50 ला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत तो शून्यच, आणि गतिरोधक ही पट्टी फोडणार. धारदार कडेने पादचाऱ्याला इजा होईल, ही मला मोठी काळजी. ट्रॅकवर जाणार असाल तरच लावा, तीही काढता येणारी.