फळाला लेप लावण्याआधी

चाकण-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी कॅन्टीनसाठी आणलेल्या फळांतली उरलेली शुक्रवारच्या जेवणापर्यंत टिकवायची, हीच आम्हा फळं पुरवणाऱ्यांची खरी कसोटी. दुरुस्तीसाठी वीजही बरेचदा गुरुवारीच जाते, म्हणून शीतखोलीचा भरवसा नाही. अशात एक विक्रेता ‘नैसर्गिक, खाण्याजोगा लेप’ घेऊन आला. त्याने सांगितलं तसंच आम्ही केलं. दाट द्रावणात पेरू बुडवले, निथळले आणि ओलसर असतानाच क्रेटमध्ये रचले. शुक्रवारी पेरू वरून चकचकीत दिसत होते, पण कापल्यावर दारूसारखा आंबूस वास आला आणि देठाशी बुरशी दिसली. सगळा माल परत आला. विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागलाच नाही.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि अंगातलं पाणी गमावतं. पातळ लेपाने हे सगळं मंदावतं, म्हणून फळ उशिरा पिकतं आणि उशिरा सुरकुततं. थर जाड झाला की मात्र आत प्राणवायू पुरत नाही, फळातली साखर आंबते आणि तिचा मद्यार्क होतो. बुरशीचं कारण वेगळं. देठाच्या खाचेत, सालीच्या ओरखड्यात ती आधीच बसलेली असते. ओल्या लेपाखाली तिला हवा तसा दमटपणा मिळतो.

म्हणून लेपच वाईट, असं मी म्हणणार नाही. वरूड, कारंजा (घाडगे) भागात नागपुरी संत्र्याला प्रतवारीच्या वेळी मेणाचा लेप देतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही फळांसाठी मेणाचं द्रावण तयार केलं आहे. पण संत्र्या-मोसंबीच्या जाड सालीला जे मानवतं ते पेरूच्या नाजूक सालीला मानवेलच असं नाही.

लेप द्यायचा तर फळ घट्ट, हिरवं-पिवळं होऊ लागलेलं निवडा. पिकलेलं किंवा दबलेलं फळ लेपाने सावरत नाही. धुतल्यावर ते पूर्ण कोरडं करा, देठाची खाचही पुसा. द्रावण पातळच ठेवा, आणि लेप दिलेली फळं पंख्याखाली एकेरी पसरून वाळल्याशिवाय क्रेटला हात लावू नका. पूर्ण मालाला लावण्याआधी चार-सहा फळांवर करून बघा. नुसती चमक पाहू नका, कापून वास घ्या, चव घ्या. घरच्या फळांसाठी कोरफडीचा गर वापरणार असाल तर पान कापून उभं ठेवा आणि सालीजवळचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. तो कडू असतो आणि पोटात गेला तर जुलाब होतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कायटोसानचा लेप बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतो, आणि लाख म्हणजे किड्याचा स्राव. आळंदी-देहूच्या या पट्ट्यात गळ्यात माळ असलेले कितीतरी कामगार कॅन्टीनमध्ये जेवतात. त्यांना न सांगता असा लेप लावलेलं फळ देणं मला पटत नाही. कायदाही हेच सांगतो: ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नौबा मेण आणि लाख यांना परवानगी आहे, पण लेप असल्याचं लेबलवर जाहीर करावं लागतं.

आपल्या जवळच तळेगाव दाभाडेला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. फळं तोडल्यानंतर ती कशी जपावीत, हाच तिचा विषय. लेपाचा कॅन घेण्याआधी तिथे जाऊन विचारा. आणि ज्या कॅनवर घटकांची नावं छापलेली नाहीत, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.