श्रवणभक्ती आणि ध्वनीचा उपचार

नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नऊ भक्ती सांगितल्या, त्या श्रवणापासूनच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी श्रोत्यांजवळ काय मागितले? धन नव्हे, मान नव्हे. मागितले ते अवधान. तेव्हा कानावर शब्द पडणे वेगळे आणि ऐकणे वेगळे, हे वारकऱ्याला कोणी नव्याने सांगायला नको. कीर्तनात दोघे शेजारी बसतात, एकच निरूपण दोघांच्या कानी पडते. एक जण बोध घेऊन उठतो, दुसरा नुसताच उठतो!

हाच भेद धरून फ्रान्स देशात एक उपचार निघाला. आता आपल्याकडच्या आईबापांच्याही कानी त्याचे नाव येऊ लागले आहे, म्हणून त्याचा विचार करू.

आल्फ्रेड तोमातिस (१९२०–२००१) हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. वडील ऑपेराचे गवई. तोमातिस यांच्याकडे गळा बिघडलेले गवई येत, तसेच कारखान्याच्या गोंगाटाने कान गेलेले कामगारही येत. दोघांना तपासून त्यांनी मत मांडले की, कानाला जे नीट ऐकू येत नाही ते गळ्यातून नीट निघत नाही. हे मत १९५७ साली फ्रान्सच्या विद्वत्सभांपुढे ठेवले गेले. पुढे त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक कान’ नावाचे यंत्र केले. मोझार्टचे संगीत, ख्रिस्ती मठांतले प्राचीन गायन, कधी आईचा आवाज, यांतले सूर गाळून ते रुग्णाला ऐकवायचे. काही ध्वनी हाडावाटेही पोहोचवायचा. त्यांच्याच परंपरेतले डॉ. बेरार यांनी दुसरी रीत काढली. तीत अर्ध्या तासाची बैठक दिवसातून दोनदा, दहा दिवस, म्हणजे एकूण वीस बैठका असतात. उशिरा बोलणारी, लक्ष न लागणारी, स्वमग्न मुले, तसेच मोठी माणसे, सर्वांना याने गुण येतो असे सांगण्यात आले.

तोमातिस एका मठाची हकिगत सांगत. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये ख्रिस्ती धर्माची मोठी परिषद भरली. तिच्यानंतर फ्रान्समधल्या एका बेनेडिक्टाइन मठात रोजचे कित्येक तासांचे गायन बंद झाले. थोड्याच दिवसांत साधू मरगळले, कामात मन लागेना. आहार बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. तोमातिस यांनी गायन पुन्हा सुरू करविले आणि काही महिन्यांत मठ टवटवीत झाला.

ही हकिगत ऐकून वारकऱ्याला आनंद वाटेल. पण इथेच जरा थांबावे. गायन परतले तेव्हा त्याबरोबर दीर्घ श्वास परतला, दिवसाचा नेम परतला, एकमेकांची संगत परतली. गुण कशाचा? एका हकिगतीवरून ते ठरत नाही.

आता कोणी म्हणेल, ‘मग उपचाराची परीक्षा कोणी घेतली नाही काय?’ घेतली आहे. स्वमग्नतेवरील ध्वनि-उपचारांच्या सात चाचण्या २०११ साली कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत एकत्र तपासल्या गेल्या. सहा बेरार पद्धतीच्या, एक तोमातिस पद्धतीची. तीन ते एकोणचाळीस वर्षांची १८२ माणसे त्यांत होती. निष्कर्ष असा की, या उपचाराने गुण येतो असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. म्हणून असल्या उपचारासाठी कोणी दागिने गहाण ठेवू नयेत, की जमीन विकू नये.

मग मूल बोलत नसेल तर काय करावे? आधी कान तपासावा. जन्मल्यावर एक महिन्याच्या आत चाळणी-तपासणी, शंका आल्यास तीन महिन्यांत पक्के निदान, आणि दोष निघाल्यास सहा महिन्यांच्या आत उपाय, असा आज नियम सांगतात. तान्हे मूल झोपेत असले तरी ‘बेरा’ नावाची तपासणी करता येते. मोठ्या आवाजाला मूल दचकत नाही, वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून गप्प बसू नये. पहिली वर्षे भाषेची असतात, ती गेली की पुन्हा हाती येत नाहीत. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र आहे, कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे. ऐकू येत असूनही बोल फुटत नसेल तर वाचा-उपचार करणारे जाणकार आहेत. नवस जरूर बोला, पण तपासणीच्या जागी नवस नको.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. शंभर डेसिबलला पाव तास उरतो! सप्ताहात कर्ण्यासमोर लेकरू मांडीवर घेऊन बसणाऱ्या माउल्यांनी हे ध्यानात ठेवावे. चालकांनी कर्णे उंच बांधावेत, आवाज बेताचा ठेवावा. पांडुरंगाला मोठ्याने ऐकू जाते आणि हळू म्हटले तर जात नाही, असे थोडेच आहे?

आणि घरी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलाला जवळ घेऊन हरिपाठ म्हणावा. शांतपणे, त्याच्या तोंडाकडे पाहत, एक चरण आपण म्हणावा आणि त्याने म्हणेपर्यंत थांबावे. याला आम्ही औषध म्हणत नाही, रोग जाईल असे वचनही देत नाही. पण आपले कोणी ऐकते आहे हे ज्या लेकराला कळते, ते स्वतः ऐकायला शिकते. एवढे अवधान प्रत्येक घरी देता येण्याजोगे आहे, आणि त्याला दाम पडत नाही.

रामकृष्णहरि!