सेवेतील अवधान

'अवधान' हा शब्द मराठी भाविकांस नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. अलीकडे 'माइंडफुलनेस' या नावाने शिबिरांतून जे शिकविले जाते, त्याचा गाभाही हाच की, जे समोर चालले आहे तेथे मन असावे. परंतु डोळे मिटून साधलेले अवधान डोळे उघडल्यावर टिकते किंवा नाही, याची परीक्षा दुसऱ्याची सेवा करतानाच होते.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांच्या चरित्रात अशा अवधानाचे ठसठशीत दर्शन घडते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या डेबूजींनी १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे आणि हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार. गावात येताच ते प्रथम रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना सतत प्रश्न विचारीत व उत्तरे घेत. त्यामुळे पेंगावयास कोणास सवडच नसे! पंढरीच्या यात्रेत लक्षावधी नेत्र कळसाकडे लागलेले असताना बाबांची दृष्टी मात्र वाळवंटातील घाणीकडे आणि निवाऱ्यावाचून पडलेल्या माणसांकडे जाई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना तेथे पाठ टेकावयासही जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली व १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांची रात्र कोठे जाते, हेही त्यांनी पाहिले आणि तेथेही धर्मशाळा निघाली. उणीव नेमकी कोठे आहे हे पाहणे आधी, बांधकाम नंतर, असा हा क्रम होता.

हा क्रम उलटला की सेवेचे ओझे होते. अन्नछत्रातील साधी पंगत घ्यावी. वाढपी हौसेने धावत असतो. 'नको, नको' म्हणणाऱ्याच्या पानात लाडू पडतो. तो मधुमेही असतो. पंगतीच्या टोकाला बसलेल्या, दात नसलेल्या आजींचा भात मात्र कोरडाच राहतो, कारण वरणाची बादली त्यांच्यापर्यंत पोहोचेतो पुढच्या पंगतीची घाई सुरू होते. येथे अन्न कमी नसते, भावही कमी नसतो. कमी असते ती नजर. (वाढताना छायाचित्र काढून घेणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.)

यासाठी वाढप-सेवेस उभे राहणाऱ्याने एका वेळी एकच पदार्थ हाती घ्यावा, वाढण्यापूर्वी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. 'माउली, थोडे वाढू का?' असे विचारण्यास क्षणभरच लागतो. मन भरकटले, पुण्याचा हिशेब सुरू झाला, तर खंत न करता पुन्हा पुढच्या पानाकडे वळावे. जपात मन निसटले की मणी सोडून देत नाहीत, तसेच हे आहे.

दात्यांसही हेच लागू पडते. भर उन्हाळ्यात घोंगड्यांचे गठ्ठे येतात आणि पाण्याच्या रांजणांची आठवण कोणास होत नाही. देणगी देण्यापूर्वी अर्धा तास दर्शनबारीत, अन्नछत्रात अथवा भक्तनिवासाच्या ओसरीवर नुसते बसावे. कोण कशासाठी खोळंबले आहे, ते तेथे आपोआप दिसू लागते.