इंग्रजी विशेषण बघून लावावे



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. माझ्या वडिलांना ते पाचवीपासून होते आणि आजीला नव्हतेच. म्हणून सगळ्यांना कळेल असे सोपे करून लिहितो.

नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण. नुसते 'आंबा' म्हटले तर तो कसा आहे ते कळत नाही. स्वीट मँगो म्हणजे गोड आंबा, सावर मँगो म्हणजे आंबट आंबा. गुण सांगणाऱ्या अशा विशेषणाला गुणविशेषण म्हणतात.

आता नियम बघू.

१) मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुली असे विशेषण बदलते. इंग्रजीत गुड बॉय, गुड गर्ल, गुड गर्ल्स. गुड तसेच राहते. आपल्याकडेही लाल, हुशार, सुंदर हे शब्द बदलत नाहीत. इंग्रजीतली सगळी गुणविशेषणे तशीच आहेत.

२) विशेषण नामाच्या आधी येते, नाहीतर इजच्या नंतर येते. टॉल ट्री. द ट्री इज टॉल. दोन विशेषणे असली तर आकार आधी आणि रंग नंतर. मोठी लाल एस.टी. म्हणजे अ बिग रेड बस. रेड बिग बस असे म्हणू नये.

३) तुलना करताना मराठीत 'पेक्षा' आणि 'सर्वांत' हे शब्द जोडतात, 'उंच' तसाच राहतो. इंग्रजीत मात्र विशेषणाला शेपूट लागते. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शब्द लांब असेल तर शेपटाऐवजी आधी मोअर आणि मोस्ट येते, जसे मोअर ब्यूटिफुल. गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट हे पाठच करावे लागतात. म्हणजे पुष्कळ मराठी विशेषणे मुलगा की मुलगी हे बघून बदलतात आणि इंग्रजी विशेषणे तुलना बघून बदलतात. हे माझे मलाच सुचले. गुरुजी म्हणाले बरोबर आहे.

४) एका मराठी शब्दाला इंग्रजीत दोन शब्द असू शकतात. मी एकदा वर्गात "माय फादर इज हाय" म्हणालो. गुरुजी हसले आणि म्हणाले, "वडील काय डोंगर आहेत का रे?" माणूस, झाड, इमारत, पुतळा यांना टॉल म्हणतात. डोंगराला आणि भिंतीला बहुधा हाय म्हणतात. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर आहे. ते हायेस्ट. गुजरातमधला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर आहे. तो जगात टॉलेस्ट.

५) उलटही होते. हॉट टी म्हणजे गरम चहा, पण हॉट चिली म्हणजे तिखट मिरची. जुनी गोधडी ओल्ड आणि म्हातारी आजीपण ओल्डच. हे आजीला सांगितले तर ती म्हणाली, "म्हंजी मी अन् गोधडी एकच का रं?" मी म्हणालो, "शब्द एक, अर्थ वेगळा." आणि ओल्ड फ्रेंड म्हणजे म्हातारा मित्र असेच नाही, पुष्कळ वर्षांचा मित्र.

आता माझी चूक सांगतो. एकदा गुरुजींनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि शेजारच्याबद्दल एक इंग्रजी विशेषण लिहायला सांगितले. माझ्या शेजारी बसणारा मित्र वर्गात पेंगतो. मी लिहिले, "ही इज लेझी." ते वाचल्यावर वर्ग हसला. त्याने मला हळूच विचारले, "लेझी म्हंजी?" मी म्हणालो, "आळशी." तो काहीच बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या वडिलांना ताप आला. म्हणून पहाटे किटली घेऊन मी डेअरीवर दूध घालायला गेलो. अजून अंधार होता. तिथे तो माझ्या आधी उभा. सायकलला दोन्हीकडे कॅन बांधलेले. माप घेणारे काका म्हणाले, "हा रोज पहिला असतो." त्याच्या आईचे कंबरेचे दुखणे आहे. शेण काढणे, म्हशीला वैरण टाकणे, दूध घालणे सगळे तो करतो आणि मग शाळेत येतो. मला एवढे एकच दिवस उठून दुपारी वर्गात झोप आली.

शाळेतला शब्दकोश काढून बघितला. लेझी म्हणजे काम करायची इच्छा नसलेला. टायर्ड म्हणजे थकलेला. स्लीपी म्हणजे झोप आलेला. पेंगताना तिघेही सारखेच दिसतात, पण अर्थ किती वेगळे. लेझी हा स्वभाव झाला. टायर्ड आज असतो आणि झोप झाली की नसतो.

मी गुरुजींना विचारून नवी चिठ्ठी लिहिली, "ही इज टायर्ड." गुरुजींनी त्याखाली आणखी एक वाक्य लिहिले, "ही इज हार्डवर्किंग." म्हणजे कष्टाळू. ती मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. या वेळी कोणी हसले नाही.

त्या दिवशी त्यानेही माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली होती. ती मी नंतर वाचली. त्यात 'टॉल' लिहिले होते. मी खरेच वर्गात सर्वांत उंच आहे. त्याने बघून लिहिले, मी न बघता लिहिले.

म्हणून विशेषण पाठ करावे, पण लावताना आधी नीट बघावे. डोंगराला चुकीचे लावले तर डोंगराला काही होत नाही. माणसाला होते.

लिहिताना माझे काही चुकले असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावे.

इयत्ता चौथी